आवाज आत, आवाज उशिरा बाहेर: डीएसपीवर पहिली डिले लाइन

डिले म्हणजे आत आलेला आवाज ठरावीक वेळ मेमरीत सांभाळायचा आणि मग बाहेर सोडायचा. कल्पना इतकी साधी आहे की पुष्कळ नवशिके थेट एकोचा कोड लिहायला बसतात आणि पहिल्याच संध्याकाळी स्पीकरमधून नुसती खरखर ऐकून थांबतात. अडचण सहसा डिलेत नसतेच. ती त्याच्या आधीच्या टप्प्यांत असते: क्लॉक, डेटाची मांडणी, बफरची अदलाबदल. म्हणून या लेखात डिलेची वेळ येण्याआधी बराच मजकूर आहे. तो वगळू नका. आधी आवाज जसा आला तसा बाहेर पडला पाहिजे. त्याला उशीर लावणं हे नंतरचं आणि खरं तर सोपं काम आहे.

काय लागेल

ऑडिओ कोडेक असलेला कुठलाही डेव्हलपमेंट बोर्ड चालेल. कोडेक म्हणजे आवाजाचे आकडे करणारा एडीसी आणि आकड्यांचा पुन्हा आवाज करणारा डीएसी एकाच चिपमध्ये. प्रोसेसर टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या टीएमएस३२० घराण्यातला असो, अ‍ॅनालॉग डिव्हायसेसचा शार्क असो किंवा कॉर्टेक्स-एम४ गाभ्याचा मायक्रोकंट्रोलर असो, इथलं सगळं लागू पडतं. खास डीएसपी (डिजिटल सिग्नल प्रोसेसर) चिपमध्ये एका सायकलमध्ये गुणाकार-बेरीज आणि गोल फिरणाऱ्या बफरसाठी हार्डवेअरचीच सोय मिळते. पण एका डिलेसाठी साध्या मायक्रोकंट्रोलरचीही ताकद पुरून उरते.

घेताना एकच गोष्ट तपासा: बोर्डवर ऑडिओ आत घेण्याची सोय खरोखर आहे का? काही बोर्डांवर फक्त डीएसी असतो, म्हणजे आवाज बाहेर पडतो, पण आत यायला वाट नसते. शिवाय सिग्नल तयार करायला आणि रेकॉर्ड करायला संगणक आणि ऑडॅसिटीसारखं सॉफ्टवेअर लागेल. ऑसिलोस्कोप असेल तर उत्तमच.

सॅम्पलिंग रेट ठरवा

सॅम्पलिंग रेट म्हणजे आवाजाची पातळी सेकंदाला किती वेळा मोजायची; प्रत्येक मोजणी म्हणजे एक सॅम्पल. ४८,००० हर्ट्झ घ्या. सीडीचा ४४,१०० हर्ट्झही चालतो, पण ४८,००० ने हिशेब फार सुटसुटीत होतात: एक मिलिसेकंद म्हणजे बरोबर ४८ सॅम्पल. दोन सॅम्पलमधलं अंतर २०.८३ मायक्रोसेकंद.

सॅम्पलिंग रेटच्या निम्म्याहून वरची कुठलीही फ्रीक्वेन्सी एडीसीपर्यंत पोचता कामा नये. पोचली, तर ती नाहीशी होत नाही. खाली दुमडून दुसऱ्याच फ्रीक्वेन्सीच्या रूपात ऐकू येते. याला एलियासिंग म्हणतात. ४८,००० हर्ट्झला सॅम्पल करताना ३०,००० हर्ट्झचा सूर आत शिरला तर तो १८,००० हर्ट्झचा होऊन बाहेर येतो, आणि एकदा असा मिसळलेला सूर नंतर कुठल्याही गणिताने वेगळा काढता येत नाही. आजच्या सिग्मा-डेल्टा कोडेकमध्ये हे रोखणारा फिल्टर बहुतांशी चिपच्या आतच असतो. बाहेर एक रेझिस्टर आणि एक कपॅसिटर सहसा पुरतात. तुम्ही मायक्रोकंट्रोलरमधला साधा एडीसी थेट वापरणार असाल, तर मात्र हा फिल्टर स्वतः बांधावा लागतो.

एलियासिंग वाचून पटण्यापेक्षा कानाने ऐकलेलं बरं. पुढे आवाज सरळ बाहेर येऊ लागला की हा प्रयोग करा: दर सहा सॅम्पलपैकी एकच ठेवा आणि उरलेल्या पाचांच्या जागी तोच पुन्हा पाठवा. आता तुमचा प्रत्यक्ष सॅम्पलिंग रेट ८,००० हर्ट्झ झाला. आत ५,००० हर्ट्झची साइन वेव्ह द्या आणि हळूहळू ती वर न्या. ऐकू येणाऱ्या सुरांमध्ये एक ३,००० हर्ट्झचा असेल, आणि तुम्ही फ्रीक्वेन्सी वाढवाल तसतसा तो खाली उतरत जाईल.

सिग्नलची पातळी

कोडेकच्या डेटाशीटमध्ये फुल स्केल, म्हणजे मोजता येणारी सगळ्यात मोठी पातळी, किती व्होल्टला येतो ते बघा. बऱ्याच कोडेकमध्ये ते १ व्होल्ट आरएमएसच्या आसपास असतं. सिग्नलची सगळ्यात मोठी उसळी त्याच्या निम्म्याच्या आसपास राहील असं ठेवा. त्याने फक्त ६ डेसिबल जातात. १६ बिटची कमाल डायनॅमिक रेंज साधारण ९८ डेसिबल असते, २४ बिट कोडेकची त्याहून बरीच जास्त, तेव्हा एवढं द्यायला हरकत नाही. उलट एडीसी क्लिप झाला, म्हणजे मर्यादेबाहेरची लाट छाटली गेली, तर तो कर्कशपणा डिलेच्या प्रत्येक आवर्तनात पुन्हा पुन्हा ऐकावा लागतो.

गिटारचा पिकअप थेट लाइन इनपुटला जोडू नका. त्याला साधारण १ मेगाओहमचा इनपुट इम्पीडन्स हवा असतो. लाइन इनपुटचा त्याच्या कितीतरी कमी असतो, आणि मग आवाज मंद, बोथट येतो. मध्ये एक बफर अ‍ॅम्प्लिफायर घाला.

क्लॉक आणि आयटूएस

कोडेक आणि प्रोसेसर यांच्यात ऑडिओ बहुधा आयटूएसवरून जातो. फिलिप्सने १९८६ मध्ये मांडलेली ही पद्धत आजही जवळपास सगळीकडे दिसते. मुख्य तारा तीन: बिट क्लॉक, डावा-उजवा चॅनेल सांगणारी वर्ड क्लॉक आणि डेटा. आत आणि बाहेर दोन्ही हवं असेल तर डेटाच्या दोन. बहुतेक कोडेकना वेगळा मास्टर क्लॉकही लागतो.

आकडे वहीत लिहून ठेवा, स्कोपवर तेच शोधायचे आहेत. वर्ड क्लॉक ४८ किलोहर्ट्झ. प्रत्येक चॅनेलला ३२ बिटची जागा धरली, तर बिट क्लॉक ६४ पट, म्हणजे ३.०७२ मेगाहर्ट्झ. मास्टर क्लॉक २५६ पट, म्हणजे १२.२८८ मेगाहर्ट्झ. मास्टर क्लॉक ११.२८९६ दिसला तर बोर्ड ४४,१०० हर्ट्झसाठी बांधलेला आहे, आणि तुमचे सगळे मिलिसेकंदांचे हिशेब सुमारे ८ टक्क्यांनी चुकतील.

बिट क्लॉक कोण तयार करणार, कोडेक की प्रोसेसर, हे एकदाच ठरवा आणि दोन्हीकडे तसंच सेट करा. जमलं तर क्लॉक कोडेककडे द्या, कारण त्याच्याजवळ ऑडिओसाठीच निवडलेला क्रिस्टल असतो. प्रोसेसरच्या पीएलएलमधून (एका क्लॉकपासून दुसरा क्लॉक बनवणाऱ्या सर्किटमधून) नेमके १२.२८८ मेगाहर्ट्झ मिळतीलच असं नसतं, आणि रेट थोडा इकडेतिकडे सरकतो. दोघांनीही क्लॉक दिला तर खरखर. कुणीच दिला नाही तर शुकशुकाट.

आणखी एक ठिकाण नेहमी फसवतं. २४ बिटचं सॅम्पल ३२ बिटच्या जागेत येतं, तेव्हा ते वरच्या बाजूला चिकटलेलं आहे की खालच्या, हे बघा. खाली असेल तर चिन्हाचा बिट वरच्या आठ बिटांत पसरवावा लागतो, नाहीतर प्रत्येक ऋण सॅम्पल प्रचंड मोठा धन आकडा होऊन बसतो. ऐकताना आवाज ओळखू येतो, पण जबरदस्त फाटलेला वाटतो. तसं ऐकू आलं तर फिल्टर किंवा गेनकडे जाऊ नका, आधी हेच तपासा.

आत आलेलं तसंच बाहेर

प्रत्येक सॅम्पलला इंटरप्ट घेता येतो, पण सेकंदाला ४८,००० वेळा काम सोडून धावायला लावण्यात प्रोसेसरची ताकद वाया जाते. त्यापेक्षा डीएमए वापरा. डीएमए सॅम्पल परस्पर मेमरीत भरत राहतो आणि एक ब्लॉक भरला की कळवतो. बफरचे दोन भाग करा: डीएमए एका भागात भरत असेल तेव्हा तुमचा कोड दुसऱ्या भागावर काम करेल. बाहेर जाणाऱ्या बाजूलाही असाच दोन भागांचा बफर.

ब्लॉक ४८ सॅम्पलचा ठेवा. मग इंटरप्ट बरोबर दर मिलिसेकंदाला येईल, आणि तुमचं सगळं काम एका मिलिसेकंदाच्या आत संपलं पाहिजे. १६८ मेगाहर्ट्झच्या प्रोसेसरवर याचा अर्थ प्रत्येक ब्लॉकला १,६८,००० सायकल. डिलेला यातला छोटा हिस्साच लागतो, पण इंटरप्टच्या आत सिरियल पोर्टवर काही छापायला गेलात, तर हा वेळ एका ओळीतच संपू शकतो. ऑडिओच्या कामात छापणं नाही, वाट बघणं नाही, मेमरी मागणं नाही. आवाज मध्येच टिकटिक करू लागला, तर पहिला संशय याच गोष्टींवर घ्या.

काम वेळेत होतंय का हे पाहायची सोपी युक्ती: ब्लॉकचं काम सुरू होताना एक पिन वर करा, संपताना खाली. स्कोपवर तो पल्स एक मिलिसेकंदापैकी किती जागा खातो ते डोळ्यांनी दिसतं. ही पिन कायम ठेवा. पुढे इफेक्ट वाढवाल तेव्हा तिचा फार आधार वाटतो.

डेटा कॅश (मेमरीतल्या डेटाची जवळ ठेवलेली प्रत) असलेल्या प्रोसेसरवर, उदाहरणार्थ कॉर्टेक्स-एम७ वर, डीएमएने मेमरीत लिहिलेलं तुमच्या कोडला दिसेलच असं नाही; कॅशमधलं जुनंच दिसू शकतं. डीएमएचे बफर कॅश न होणाऱ्या भागात ठेवले की प्रश्न मिटतो.

आता फक्त आत आलेला ब्लॉक बाहेरच्या ब्लॉकमध्ये कॉपी करा आणि थोडा वेळ संगीत ऐका. १,००० हर्ट्झची साइन वेव्ह देऊन बाहेर काय येतं ते रेकॉर्ड करा. टिकटिक नाही, फाटणं नाही, डावं-उजवं उलटं नाही, अशी खात्री झाल्याशिवाय पुढे जाऊ नका. इथे घालवलेला वेळ पुढे अनेक पटींनी वाचतो, कारण नंतर काही बिघडलं तर दोष नव्याने लिहिलेल्या ओळींत आहे हे तुम्हाला पक्कं ठाऊक असतं.

डिले लाइन

आता मुख्य काम. उशीर मिलिसेकंदांत ठरवा आणि ४८ ने गुणा: ३०० मिलिसेकंद म्हणजे १४,४०० सॅम्पल. एवढी सॅम्पल साठवायला एक अ‍ॅरे हवा. त्याची लांबी दोनच्या घातात, म्हणजे १६,३८४ ठेवा. कारण पुढे दिसेल. फ्लोटमध्ये (३२ बिटच्या दशांश संख्यांत) त्याला ६४ किलोबाइट लागतात, १६ बिटमध्ये ३२. यात जास्तीत जास्त ३४१ मिलिसेकंदांचा उशीर मावतो. मेमरी आधीच मोजून घ्या: एक सेकंदाचा स्टिरिओ डिले फ्लोटमध्ये करायचा तर ३,८४,००० बाइट लागतात, आणि ते अनेक मायक्रोकंट्रोलरच्या आतल्या रॅममध्ये मावत नाहीत.

नवीन सॅम्पल आलं की जुनी सगळी एकेक घर पुढे सरकवायची, असा विचार पहिल्यांदा मनात येतो. १४,४०० सॅम्पल दर २०.८३ मायक्रोसेकंदांनी हलवणं कुठल्याही लहान प्रोसेसरला झेपणार नाही. म्हणून सॅम्पल जागच्या जागी ठेवायची आणि खुणेचा इंडेक्स फिरवायचा. घड्याळाचा काटा बारावर पोचला की पुन्हा एककडे जातो, तसा हा इंडेक्स अ‍ॅरेच्या शेवटाला पोचला की सुरुवातीला येतो. यालाच सर्क्युलर बफर म्हणतात.

प्रत्येक सॅम्पलसाठी एवढंच करायचं:

वाच = (लिही − उशीर) & १६३८३
जुनं = बफर[वाच]
बफर[लिही] = आत
लिही = (लिही + १) & १६३८३

लांबी दोनच्या घातात घेतल्यामुळे भागाकार न करता नुसत्या 'अँड'ने इंडेक्स गुंडाळला जातो, आणि वजाबाकी शून्याखाली गेली तरी उत्तर बरोबर येतं. आधी वाचायचं आणि मग लिहायचं, या क्रमामुळे उशीर किमान १ ठेवावा लागतो. शून्य दिला तर १६,३८४ सॅम्पलपूर्वीचा आवाज हाती येईल. 'लिही' हा इंडेक्स दोन ब्लॉकच्या मध्ये टिकला पाहिजे, म्हणून तो फंक्शनच्या बाहेर किंवा स्टॅटिक ठेवा. आणि सुरुवातीला अख्खा बफर शून्याने भरा. नाहीतर पहिले ३०० मिलिसेकंद मेमरीत पडलेला कचरा पूर्ण जोराने स्पीकरवर येतो. हेडफोन कानाला असतील तर ते धोक्याचंही आहे.

'जुनं' तसंच बाहेर सोडलं तर शुद्ध डिले. याचा उपयोग एकोपुरता नाही. मोठ्या मैदानात मागे ठेवलेल्या स्पीकरना मुद्दाम उशीर देतात, म्हणजे पुढच्या स्टेजवरून हवेतून येणारा आवाज आणि मागच्या स्पीकरचा आवाज एकत्र पोचतो. २० अंश सेल्सिअसला आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर, म्हणजे ४८,००० हर्ट्झला दर मीटरमागे सुमारे १४० सॅम्पल. ३४.३ मीटर अंतरासाठी १०० मिलिसेकंद, ४,८०० सॅम्पल.

मोजून बघा

इतका उशीर मागितला आणि इतकाच मिळाला, हे कानाने कळत नाही. संगणकातून एक 'टक्' पाठवा. साउंड कार्डच्या एका इनपुटवर ती सरळ केबलने परत आणा, दुसऱ्यावर डीएसपीतून फिरवून. दोन्ही चॅनेल ४८,००० हर्ट्झला एकत्र रेकॉर्ड करा आणि दोन शिखरांमधली सॅम्पल मोजा.

१४,४०० मागितले असतील तर उत्तर त्याहून जास्त येईल. यातले ९६ तुमच्या दोन ब्लॉकचे: एक ब्लॉक भरत असताना आधीचा तयार होतो आणि त्याच्याही आधीचा बाहेर पडत असतो. उरलेले कोडेकच्या आतल्या डिजिटल फिल्टरचे. ते डेटाशीटमध्ये ग्रुप डिले म्हणून दिलेले असतात. नुसत्या कॉपीच्या वेळीही एवढा उशीर होतच होता. तो आधी मोजून ठेवा आणि अचूक उशीर हवा असेल तिथे वजा करा. एकोला दोन-तीन मिलिसेकंदांनी काही बिघडत नाही, स्पीकर जुळवताना मात्र तेवढ्यात जवळपास एक मीटरचा फरक पडतो.

दुसरी एक छान तपासणी आहे. उशीर ४८ सॅम्पल ठेवा, मूळ आवाज आणि उशिराचा आवाज समान प्रमाणात डीएसपीच्या आतच मिसळा आणि साइन वेव्ह हळूहळू वर न्या. ५००, १,५००, २,५०० हर्ट्झला आवाज जवळपास गायब झाला पाहिजे, कारण तिथे एक मिलिसेकंदात लाट बरोबर उलटी होते. खड्डे याच जागी पडले, तर इंडेक्स एका सॅम्पलनेही चुकलेला नाही असं समजा.

फीडबॅक

एकच प्रतिध्वनी सपक वाटतो. आवर्तनं हवी असतील तर बफरमध्ये लिहिताना जुन्याचा काही भाग परत घाला:

बफर[लिही] = आत + गेन × जुनं

गेन १ पेक्षा कमीच हवा. ०.५ ठेवला तर दर आवर्तनाला आवाज ६ डेसिबलने उतरतो आणि दहा आवर्तनांत, म्हणजे ३०० मिलिसेकंदांच्या डिलेत ३ सेकंदांनी, ६० डेसिबल खाली जातो. ०.७ ठेवला तर त्यालाच सहा सेकंदांच्या जवळ लागतात. नॉबवरून गेन देणार असाल तर कोडमध्येच ०.९५ च्या वर जाऊ देऊ नका.

पूर्णांक गणितात इथे दोन सापळे आहेत. पहिला ओव्हरफ्लो: १६ बिटमध्ये ३०,००० आणि १०,००० यांची बेरीज ४०,००० न होता −२५,५३६ होते आणि स्पीकर किंचाळतो. बेरीज ३२ बिटमध्ये करा आणि मग ३२,७६७ व −३२,७६८ या सीमांवर अडवा. डीएसपी चिपमध्ये यासाठी सॅच्युरेशनची वेगळी सूचनाच असते. दुसरा सापळा मला जास्त रंजक वाटतो. १६ बिटचे दोन अपूर्णांक गुणून उत्तर १५ बिट उजवीकडे सरकवलं की ऋण संख्या खालच्या बाजूला छाटली जाते. −१ ला ०.९ ने कितीही वेळा गुणा, उत्तर −१ च राहतं. आवाज मावळल्यावरही बफरमध्ये हा अवशेष कायम फिरत राहतो. छाटण्याऐवजी शून्याच्या दिशेने पूर्णांकन केलं की तो संपतो. फ्लोट वापरणाऱ्यांना ही कटकट नाही, पण काही प्रोसेसरवर अतिसूक्ष्म संख्यांचं गणित फार हळू चालतं. त्या शून्य धरण्याची सोय चालू करून ठेवा.

फीडबॅकच्या वाटेत एक छोटा लो-पास फिल्टर (वरच्या फ्रीक्वेन्सी कमी करणारा) घालून बघा, ही माझी आवर्जून शिफारस. मग प्रत्येक आवर्तन आधीच्यापेक्षा थोडं मऊ होत जातं आणि गाणाऱ्याच्या शब्दांवर चढून बसत नाही:

मऊ = मऊ + ०.३२५ × (जुनं − मऊ)

हा ४८,००० हर्ट्झला साधारण ३,००० हर्ट्झचा फिल्टर झाला. परत घालताना 'जुनं'च्या जागी 'मऊ' वापरा.

उशीर चालू असताना बदलणं

नॉब फिरवून उशीर एकदम १४,४०० वरून १९,२०० केला, तर वाचण्याची जागा उडी मारते आणि 'टक्' ऐकू येते. (१९,२०० साठी बफर ३२,७६८ चा करावा लागेल, हेही लक्षात घ्या.) उपाय दोन. वाचण्याची जागा हळूहळू सरकवायची. पण सरकत असताना सूर बदलतो. ३०० वरून ४०० मिलिसेकंदांवर एका सेकंदात गेलात, तर तेवढा वेळ आवाज ०.९ पट वेगाने वाजतो आणि जवळपास दोन अर्धस्वरांनी उतरतो. टेपवरच्या जुन्या डिले यंत्रांत असंच होत असे आणि अनेकांना ते आवडतं. ते नको असेल, तर जुन्या आणि नव्या अशा दोन्ही जागांवरून काही वेळ एकदम वाचा आणि २० मिलिसेकंदांत, म्हणजे ९६० सॅम्पलमध्ये, एक कमी करत दुसरा वाढवा.

हळू सरकताना वाचण्याची जागा दोन सॅम्पलच्या मध्ये येते. शेजारच्या दोन सॅम्पलची प्रमाणात सरासरी काढली की बहुतेक वेळा भागतं. बरोबर मध्यावर असताना ही सरासरी १२,००० हर्ट्झला ३ डेसिबल खाते, तेव्हा कोरससारख्या इफेक्टमध्ये आवाज किंचित मंद झाला तर कारण हे असेल.

यानंतर

हे सगळं चालू लागलं की पुढचा प्रकल्प रिव्हर्बचा, म्हणजे खोलीत आवाज घुमतो तशा परिणामाचा, घ्या. मॅनफ्रेड श्रोडर यांनी १९६२ मध्ये मांडलेल्या रचनेत फीडबॅक असलेल्या चार डिले लाइन शेजारी-शेजारी चालतात, त्यांची बेरीज होते, आणि ती आणखी दोन लहान डिले लाइनवर बांधलेल्या ऑल-पास फिल्टरमधून (सगळ्या फ्रीक्वेन्सी सारख्याच जोराने सोडणाऱ्या) एकामागून एक जाते. पहिल्या चारांची लांबी ३० ते ४५ मिलिसेकंदांच्या दरम्यान ठेवा, म्हणजे १,४४० ते २,१६० सॅम्पल, आणि त्या आकड्यांना सामाईक विभाजक नसेल असं बघा, नाहीतर आवर्तनं एकमेकांवर पडून घणघणाट होतो. ऑल-पासच्या दोन लाइन ५ आणि १.७ मिलिसेकंदांच्या. सहाही मिळून ९,००० सॅम्पलच्या आत बसतात. आत्ता एकोसाठी घेतलेल्या ६४ किलोबाइटच्या अ‍ॅरेतही त्या मावतील.